मामाजींचा डोळा आणि चार डॉक्टर

नागपूरच्या मनीषनगरात बाबाराव गभण्यांना विचारल्याशिवाय कोणी टरबूज कापत नाही, अशी निदान बाबारावांची तरी समजूत होती. वस्ती तेव्हा नवी होती. पंधरावीस घरं, मधे रिकामे प्लॉट आणि पावसाळ्यात पायातली चप्पल ओढून घेणारी काळी माती. पण जी काय माणसं होती त्यांना पंखा घ्यायचा असो, पोरीसाठी स्थळ बघायचं असो की लोणच्याच्या कैऱ्या आणायच्या असोत, बाबाराव न बोलावता हजर होत. उंची जेमतेम पाच फूट, पण सरकारी कचेरीत ते बडे बाबू होते. तिथे बावीस वर्षांत त्यांच्या मर्जीनं एक टाचणीसुद्धा निवडली गेली नव्हती. त्यामुळे ती हौस ते वस्तीत भागवून घेत.

ब्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत त्यांच्याकडे निवडायला थेट डॉक्टरच आला.

त्याचं असं झालं. बाबारावांची बायको प्रेमलता, तिचे मामा शालिकराम डाखोळे हे फौजेतले निवृत्त हवालदार. कळमेश्वरच्या पलीकडच्या खेड्यात त्यांची शेती. एका सकाळी ते आणि रुखमाबाई मामी अशी जोडी एक पत्र्याची ट्रंक घेऊन दारात उभी राहिली. मामाजींनी चहासुद्धा घेतला नाही. आधी ट्रंक उघडली, मेणकापडाची घडी काढली, आणि त्यातून एक कागद दोन्ही हातांनी बाबारावांपुढे धरला.

"जवाईबापू, हे वाचा जी. छावणीतून आलं हाय."

कागदावर तीन शिक्के होते. शिक्का दिसला की बाबाराव आपोआप ताठ बसत, तीन म्हणजे उभं राहण्याचीच पाळी. मजकूर असा होता की छावणीच्या दवाखान्यातले डोळ्यांचे मेजरसाहेब बदलीवर गेले असून त्यांच्या जागी अद्याप कोणी आलेलं नाही. सबब हवालदार डाखोळे यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन बाहेर करण्यास मंजुरी आहे. नागपुरातल्या चार डॉक्टरांची नावं सोबत जोडली आहेत. रुग्णानं त्यांपैकी एकाची स्वेच्छेनं निवड करून दहा दिवसांत कळवावं.

"स्वेच्छेनं म्हंजे?" मामाजींनी विचारलं.

"म्हणजे तुमच्या मर्जीनं, मामाजी."

मामाजींचा चेहरा पडला. "चोवीस वरसं नोकरी केली जी म्या. बूट कोनता घालाचा, जेवाले कवा बसाचं, कोन्या गाडीत चढाचं, सारं हुकमानं. बायकोबी मायनं निवडली. अन् आता म्हाताऱ्याले म्हनते, निवड!"

"मंग, वाईट निवडली काय?" आतून मामी म्हणाल्या.

गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी मात्र नव्हती. मामाजींचा डावा डोळा एकाहत्तरच्या लढाईत गेला होता. त्या जागी फौजेनं दिलेला काचेचा डोळा होता, आणि तो इतका बेमालूम की बाबाराव पहिला अर्धा तास त्यातच बघून बोलत होते. उजव्यात मोतीबिंदू पिकला होता. भर दुपारीसुद्धा समोरचा माणूस म्हणजे त्यांना नुसती सावली दिसे. ऑपरेशन फसलं तर कायमचा अंधार. तिसरा डोळा काही माणसाला देवानं दिलेला नाही. मामी रात्री प्रेमलतेला हळूच म्हणाल्या, "बाई वं, एकच हाय तो. कोनाच्या हातात द्याचा, मले तं झोप लागत नाही."

बाबारावांनी ते ऐकलं आणि त्यांच्या अंगावर खरोखर काटा आला. त्यांनी दुसऱ्या दिवशी सात दिवसांची रजा टाकली, एक नवी फाईल आणली आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं : "नेत्रतज्ज्ञ – निवडीबाबत."

फाईल उघडल्याची बातमी दुपारपर्यंत मनीषनगरभर झाली. शेजारच्या कुसुमताई पोळपाट हातात घेऊनच आल्या. "भाऊजी, धंतोलीच्या डॉक्टराकडे जा. त्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत मासोळ्या आहेत. ज्याले दिसत नाही त्याले मासोळ्या दाखवते, म्हणजे त्याचा स्वतःवर केवढा भरवसा असंल!" निवृत्त मुख्याध्यापक मनोहरराव काठी आपटत आले आणि त्यांनी धडा दिला, "गर्दी मोजा, गभणे. गांधीबागेतल्या डॉक्टरांकडे पाय ठेवायला जागा नसते. गर्दी कधी चुकत नाही." हे मनोहरराव तीन वेळा म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीत पडले होते, पण तो विषय वेगळा. तिसऱ्या एका हितचिंतकानं सीताबर्डीवरच्या डॉक्टरांची शिफारस केली, कारण ते वर्षातून चारदा परिषदेला मुंबईला जातात. यादीतलं चौथं नाव होतं महालातल्या डॉक्टर उत्तरा लांजेवार यांचं. त्यांच्याबद्दल कोणाला काहीच ठाऊक नव्हतं. बाबारावांनी फाईलमध्ये शेरा मारला : "ख्याती नाही."

मग त्यांनी एक युक्ती काढली. डॉक्टरला "आम्ही तुमची निवड करायला आलो आहोत" असं सांगून गेलं तर तो चांगलंच वागणार. तपासणी अचानकच हवी. तेव्हा रुग्ण होणार बाबाराव, मामाजी जाणार नुसते सोबत, आणि प्रत्येक डॉक्टरला गप्पांच्या ओघात एक प्रश्न टाकायचा : आजवर तुमच्या हातून किती डोळे बिघडले?

"मामाजी, तुम्ही तिथं काही बोलू नका. फक्त बसा."

"हो जी," मामाजी म्हणाले, आणि त्यांचे खांदे सरळ झाले. चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांना हुकूम मिळाला होता.

धंतोलीत मासोळ्या होत्या. बाबारावांनी "अंधुक दिसतं" म्हणायचा अवकाश, नर्सनं त्यांची मान मागे केली आणि दोन्ही डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब सोडले. डॉक्टर फार गोड होते. प्रश्न ऐकून ते खळखळून हसले. "बिघडले? अहो, एकही नाही! एवढ्या वर्षांत एकही नाही!" बाबाराव प्रभावित झाले. फक्त बाहेर पडताना मासोळ्या सोनेरी होत्या की लाल, ते त्यांना ओळखता आलं नाही.

गांधीबागेतला दवाखाना एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर होता. बाकावर वीसेक माणसं ओळीनं बसली होती आणि कंपाउंडर एका टोकापासून सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब टाकत निघाला होता, नाव नाही, गाव नाही. बाबाराव "मला सकाळीच..." म्हणेपर्यंत काम झालं होतं. पुढे मामाजी बसले होते. कंपाउंडरनं त्यांच्याही दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले, काचेच्यासुद्धा, आणि मामाजी सलामीला उभं राहावं तसे निश्चल बसून राहिले. आत डॉक्टरांनी दोघांना एकदमच घेतलं. मामाजींच्या डाव्या डोळ्यावर बॅटरी मारली आणि म्हणाले, "हा एकदम साफ आहे. काही चिंता नको." बाबारावांचा प्रश्न निम्मा व्हायच्या आत पुढचे दोघे आत आले होते.

"मामाजी, काचेचा आहे म्हणून सांगितलं काहून नाही?" जिना उतरताना बाबाराव ओरडले.

"बोलू नका म्हनलं होतं ना जी तुम्ही."

सीताबर्डीवरचे डॉक्टर परिषदेसाठी मुंबईला गेले होते. त्यांच्या सहायकानं मात्र निराश न करता तिसऱ्यांदा थेंब टाकले आणि प्रश्नाचं उत्तर दिलं की डोळा बिघडतो तो पेशंटच्या नशिबानं.

महालात पोचेपर्यंत चार वाजले होते आणि बाबारावांना जगाची फक्त रूपरेषा दिसत होती. डॉक्टर उत्तराबाई पन्नाशीच्या असाव्यात. साधं सुती लुगडं, आवाज कोरडा. त्यांनी बाबारावांच्या डोळ्यांत एकदाच पाहिलं.

"सकाळपासून किती ठिकाणी थेंब टाकून घेतले?"

"तीन," बाबाराव म्हणाले.

"कशासाठी?"

त्या कोरड्या आवाजापुढे बाबारावांची युक्ती टिकली नाही. छावणीचं पत्र, फाईल, स्वेच्छा, सगळं त्यांनी ओकून टाकलं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मामाजींना खिडकीशी नेलं, डाव्या डोळ्याकडे बघून "कुठल्या साली?" एवढंच विचारलं, आणि मग उजव्या डोळ्यापाशी पंधरा मिनिटं घालवली. बाबारावांनी राहिलेलं कर्तव्य म्हणून प्रश्न टाकलाच.

"दोन," बाई म्हणाल्या. "पारडीच्या रंभाबाई. पाचव्या दिवशी डोळ्यात पू झाला, मला वाचवता आला नाही. आणि नत्थूजी. हमाल होते. घरी गेल्यावर त्यांनी लगेच पोतं उचललं आणि टाके तुटले. वजन उचलू नका असं मी म्हटलं होतं, पण हमालाला ते समजेल असं सांगायला हवं होतं. ते माझं चुकलं."

बाबारावांनी मनातल्या मनात फाईल उघडली आणि त्या नावावर काट मारली. दोन म्हणजे दोन.

बाहेर उतरतीचं ऊन समोरून आलं आणि बाबारावांचे डोळे मिटले ते उघडेचनात. तीन दवाखान्यांचे थेंब एकत्र चढले होते. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, पुढे गांधीबागेचा बाजार, हातगाड्या, सायकलरिक्षा, गठ्ठे. नागपुरात जन्मलेला हा माणूस भर रस्त्यात एका जागी खिळून उभा राहिला. इतक्यात त्यांच्या कोपराला एक हात लागला.

"चला जवाईबापू. माह्या पावलानं पाऊल टाका."

"अहो, पण तुम्हाला तरी कुठं..."

"उजवीकून हातगाडी येऊन राहिली, थांबा. गेली. आता चला. खळीचा वास येऊन राहिला न? म्हंजे ठोक कापडाची दुकानं डाव्या हाताले. पुढं नाली हाय, पाय उचला."

बाबारावांनी पाय उचलला. खरोखर नाली होती. येताना ते मामाजींना हाताला धरून आणत होते आणि वाटेत आपल्या प्रश्नांची उजळणी करत होते. तेवढ्या वेळात या म्हाताऱ्यानं मुकाट्यानं सगळी वाट पावलांत मोजून ठेवली होती. बसथांब्यापासून चारशे सोळा पावलं, ती आता तो उलटी मोजत होता. कुठे थान फाडल्याचा आवाज येतो, कुठे सोडावॉटरच्या बाटल्या वाजतात, कुठे गायी बसतात, सगळं त्याला ठाऊक होतं. बाबारावांना भीती वाटायची थांबली. आपल्या घरात चार दिवस राहणाऱ्या, "हो जी" पलीकडे न बोलणाऱ्या या माणसाला आपण अजून पाहिलंच नाही, असं त्यांना वाटलं. बरोबर चारशे सोळाव्या पावलाला त्यांच्या हाताला थांब्याचा लोखंडी खांब लागला.

म्हणून त्यांनी शहाणपण शिकावं की नाही? नाही शिकले. अंगात मुरलेला बडा बाबू चारशे सोळा पावलांत जात नसतो.

थेंब उतरायला सहा दिवस लागले. या काळात बाबाराव घरात हिरवा चष्मा लावून बसत आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मामींना सांगावं लागे की मोतीबिंदू यांना नाही, त्यांना आहे. कुसुमताईंनी तर दोघांना मिळून गाजराचा हलवा पाठवला. बाबारावांनी या अपमानाकडे दुर्लक्ष केलं आणि प्रेमलतेला समोर बसवून चार पानी टिपण सांगितलं. त्यात चारही डॉक्टरांचा तुलनात्मक तक्ता होता, प्रत्येकाला गुण होते आणि शेवटी धंतोलीच्या डॉक्टरांची "सविनय शिफारस" होती. डॉक्टर लांजेवार चौथ्या क्रमांकावर होत्या. शेरा : "स्वतःच दोष मान्य करतात."

मामाजींना त्यांनी टिपण वाचून दाखवलं. मामाजी "हो जी" म्हणाले. पण त्या रात्री ते ओसरीवर बराच वेळ येरझारा घालत होते.

दहाव्या दिवशी सगळे छावणीत गेले. खिडकीपलीकडे चंद्रभान नावाचा लेखनिक होता. त्यानं चार पानं चाळली आणि अलगद परत सरकवली.

"यह नहीं चलेगा, बाबूजी. नाव एकच पाहिजे. आणि हे अक्षर कोनाचं आहे?"

"माझ्या पत्नीचं. मी सांगितलं, तिनं लिहिलं."

"म्हणजे निवड तुमची, अक्षर बाईंचं. अन् डोळा कोनाचा?"

बावीस वर्षं बाबाराव खिडकीच्या आतल्या बाजूला बसले होते. नियमावर बोट ठेवून समोरच्याला परत पाठवण्याची कला त्यांनी जिवापाड जोपासली होती. ती आपल्यावर चालली की कसं वाटतं ते त्यांना आज कळलं. त्यांनी पोटनियमाचा आधार मागितला. चंद्रभाननं दाखवला. रुग्णानं नाव स्वतःच्या हातानं आणि समक्ष लिहावं, असं स्पष्ट छापलं होतं.

"अन् साडेचारला खिडकी बंद," चंद्रभान म्हणाला. "आजची तारीख गेली की मंजुरी रद्द. मग नवीन अर्ज."

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मामींनी पदर तोंडाला लावला. मामाजी पुढे झाले आणि खाडकन टाचा जुळवून म्हणाले, "साहेब, हुकूम द्या. ज्याचं नाव सांगान त्याचं लिवतो."

आवाज ऐकून आतून एक तरुण कॅप्टन बाहेर आले. त्यांनी कागद पाहिला, मामाजींकडे पाहिलं, आणि वडिलांशी बोलावं तसे म्हणाले, "हवालदार साहब, इसमें हुकुम नहीं चलता. आँख आपकी है."

मामाजींनी हात पुढे केला आणि पेन मागितलं. कागदाची कड डाव्या अंगठ्यानं चाचपली, रिकामी ओळ कुठे आहे ते चंद्रभानला विचारलं आणि एकेक अक्षर कोरत लिहिलं : डॉ. उत्तरा लांजेवार.

"मामाजी!" बाबारावांना राहवलं नाही. "अहो, त्यांच्या हातून दोन डोळे गेलेत! त्यांनी स्वतः सांगितलं!"

"त्याईनंच सांगितलं. नावानिशी." मामाजींनी पेन जपून ठेवलं. "जवाईबापू, तुम्ही चौघाईले एकच गोष्ट विचारली. लय बरोबर विचारली, मले तं सुचलीच नसती. फौजेत आमाले अफसर निवडता येत नव्हता. पन मनात समजे, कोनाच्या मागं जाव लागते. लढाई झाल्यावर एक अफसर म्हने, आपलं काही नुकसान झालं नाही. अन् दुसऱ्याले आपले मेलेले जवान नावानं अन् गावानं पाठ राहत. म्या त्या दुसऱ्याच्या मागं गेलो, म्हनून एकच डोळा गेला, जीव वाचला. ह्या बाईले रंभाबाई याद हाय, नत्थू याद हाय. मीबी याद राहीन."

कॅप्टनसाहेबांनी टोपी सरळ केली. चंद्रभाननं शिक्का मारला. बाबाराव चार पानी टिपण हातात घेऊन उभे होते. विचारलेला प्रश्न त्यांचा होता, आणि उत्तर ऐकलं होतं फक्त एकानं. या माणसाच्या पाया पडावं असं त्यांना तिथेच वाटलं, पण खिडकीपुढे रांग होती.

पुढच्या सोमवारी ऑपरेशन झालं. सुरू करण्याआधी उत्तराबाईंनी घरच्या सगळ्यांना आत बोलावलं आणि स्वच्छ सांगितलं, "एकच डोळा आहे. मी नीट करीन, पण खात्री कोणी देऊ शकत नाही. हवालदार, भीती वाटते का?"

"तुम्हाले वाटते काय जी?"

"वाटते," बाई म्हणाल्या.

"मंग करा," मामाजी म्हणाले आणि टेबलावर आडवे झाले.

मग आठ दिवस पट्टी. हलायचं नाही, खोकायचं नाही, वाकायचं नाही, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हमालाला समजेल असं आणि हवालदाराला समजेल असं, दोन्ही तऱ्हांनी बाईंनी ते तीनदा सांगितलं. मामाजी आठ दिवस दगडासारखे पडून राहिले. हुकूम मिळाला होता, आणि तो त्यांनी स्वतः निवडलेल्या माणसाचा होता. बाबाराव रोज कचेरीतून थेट महालात येत आणि पलंगाशी स्टुलावर बसत. मामाजींना पेपर वाचून दाखवत. त्या आठ दिवसांत त्यांनी कोणालाही, कशाबद्दलही सल्ला दिला नाही. मनीषनगरात कोणी तरी टरबूज आपल्या मनानं कापलं, तेही गोड निघालं म्हणतात.

नवव्या दिवशी पट्टी सुटली. मामींनी पलंगाचा गज घट्ट धरला होता. प्रेमलता पुटपुटत होती. उत्तराबाईंनी खिडकीचा पडदा थोडा ओढला, शेवटचा कापूस काढला आणि तपासायची चौकट मामाजींच्या नाकावर ठेवून तिच्यात एक जाडजूड भिंग बसवलं.

"घाई करू नका. या भिंगातून सगळं असतं त्यापेक्षा मोठं दिसेल, घाबरू नका. काय दिसतं?"

मामाजींनी आधी बाईंकडे पाहिलं, बराच वेळ. मग मामींकडे. "म्हातारी झाली वं तू," ते म्हणाले, आणि मामी रडायलाच लागल्या. रडता रडताच म्हणाल्या, "आता त्या जवायाले पाहून घ्या. लग्नाले तुमी लढाईवर होते. अन् मंग धा वरसं जवायाले आपल्या गावच्या एष्टीची धूळ सोसली नाही."

मामाजींनी मान वळवली. बाबाराव स्टुलावरून उठून समोर आले, सदरा नीट केला आणि छाती पुढे काढून उभे राहिले. मामाजींनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, पुन्हा पायापासून डोक्यापर्यंत, आणि काळजीच्या सुरात उत्तराबाईंना विचारलं,

"डाक्टरीनबाई, यातून सारं मोठं दिसते म्हनलं न तुम्ही?"

"हो. का?"

"मंग जवाईबापू एवढेच काहून दिसून राहिले?"

पहिल्यांदा हसल्या त्या उत्तराबाई, त्या कोरड्या आवाजाच्या बाई, भिंतीला टेकून, डोळे पुसत. प्रेमलता हसली, मामी रडत होत्या त्या हसू लागल्या. आणि बाबाराव गभणे, ज्यांच्या उंचीबद्दल कचेरीत कोणी ब्र काढत नसे, ते मामाजींच्या पायाशी वाकले आणि म्हणाले, "बरोबर दिसतंय मामाजी. अगदी बरोबर दिसतंय."